गुप्तदान आणि खतावणी



पर्युषणात महावीर जन्मवाचनाच्या दिवशी स्वप्नांच्या बोली चढतात, तेव्हा बोली घेणाऱ्याचे नाव उपाश्रयात मोठ्याने पुकारले जाते आणि सारा संघ त्याची अनुमोदना करतो. त्याच दिवशी मंदिरातील भंडारात कोणी तरी घडी घातलेल्या नोटा टाकतो आणि मागे वळून न पाहता निघून जातो. पहिल्याचे नाव सर्वांना ठाऊक, दुसऱ्याचे कोणालाच नाही. दोन्ही दाने आपल्या परंपरेने सारख्याच आदराने स्वीकारली आहेत. मात्र गेल्या पाच-सहा वर्षांत या दोन्ही दानांच्या वाटेवर कायदा येऊन उभा राहिला आहे आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा नवा आयकर कायदा, २०२५ घेतो. आपल्या संघांवर, पांजरापोळांवर, धर्मशाळांवर आणि पाठशाळांवर याचा काय परिणाम होतो, याचा विचार बँकेत आयुष्य घालवलेला एक श्रावक म्हणून आपल्यासमोर मांडावासा वाटतो.

निवृत्त झाल्यापासून नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर अशा गावांतील विश्वस्त मंडळी कागदांच्या पिशव्या घेऊन माझ्याकडे येत असतात. यांपैकी कोणीही पगारी व्यवस्थापक नाही. कोणाचे कापडाचे दुकान, कोणाची धान्याची आडत, कोणाचा मिरचीचा व्यापार. सकाळी पूजा, दिवसभर गल्ला आणि रात्री दुकान वाढवल्यावर संघाचा हिशेब, अशा रीतीने ही माणसे पिढ्यान् पिढ्या संस्था चालवीत आली. त्यांच्या निष्ठेविषयी मला कधीच शंका आली नाही. पण आजचा कायदा निष्ठा तपासत नाही. तो कागद आणि तारीख तपासतो.

तारखेचेच पाहा. पूर्वी आयकर खात्याकडे एकदा ‘१२ए’ची नोंदणी झाली की ती कायमची, अशी सर्वांची समजूत होती आणि ती खरीही होती. २०२० च्या वित्त कायद्याने ही कायमची नोंदणी संपवली. १ एप्रिल २०२१ पासून सर्व जुन्या संस्थांना नव्याने अर्ज करावा लागला आणि नोंदणी पाच वर्षांपुरती मिळू लागली. त्या पहिल्या पाच वर्षांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची होती. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत करायचा होता. ज्यांनी तो केला त्यांनी निश्चिंत असावे. दोन लगतच्या वर्षांत ज्यांचे करसवलतीपूर्वीचे उत्पन्न पाच कोटी रुपयांच्या वर गेलेले नाही, अशा संस्थांना २०२५ च्या वित्त कायद्यानुसार आता दहा वर्षांची नोंदणी मिळते आणि आपल्या जिल्ह्यातील बहुतेक संस्था याच वर्गात मोडतील. ज्यांचा अर्ज राहून गेला, त्यांनी सबळ कारण देऊन विलंब माफ करण्याची विनंती आयकर आयुक्तांकडे करावी. १ ऑक्टोबर २०२४ पासून तशी सोय कायद्यात आहे. मात्र आजचे उद्यावर ढकलू नये.

हे इतक्या कळकळीने सांगण्याचे कारण आहे. नोंदणी गेली तर त्या वर्षीच्या उत्पन्नावर कर लागेल, एवढेच नुकसान पुष्कळांना दिसते. परंतु २०२३ पासून असा नियम आहे की, जी संस्था ठरलेल्या मुदतीत नव्याने अर्ज करत नाही, तिने धर्मादाय स्वरूपच सोडले असे मानले जाते. मग तिच्या सर्व मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून उरलेल्या रकमेवर कमाल दराने कर आकारता येतो. एखाद्या पुण्यवंत आजीने गावाबाहेर धर्मशाळेसाठी दिलेली जागा आज हमरस्त्यावर आलेली असते. संस्थेच्या खात्यात पन्नास हजार रुपयेही नसतात आणि जागेचा भाव मात्र कोटीत असतो. कर त्या भावावर बसला तर तो कोठून भरायचा? जागाच विकावी लागेल. दोन-तीन पिढ्यांनी जमवलेले पुण्य एका न भरलेल्या नमुन्यापायी निसटून जाऊ शकते.

अशी माहिती दिली की बैठकीत हमखास एक प्रश्न येतो, ‘धर्माच्या कामात सरकारचा संबंध काय?’ प्रश्न रास्त आहे आणि तो आपल्याच समाजाने फार पूर्वी, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात विचारला होता. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० साली आला. आज आपण त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा म्हणतो. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी यांनी त्याला आव्हान दिले आणि मार्च १९५४ मध्ये न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी निकालपत्र लिहिले. धर्माचरणाचे स्वातंत्र्य आणि धार्मिक संस्थेच्या मालमत्तेचा कारभार यांत त्यांनी भेद केला. नोंदणी, हिशेब, तपासणी यांबाबत राज्याला नियम करता येतात, असे न्यायालयाने मान्य केले. पण दात्याचा मूळ उद्देश पार पाडणे शक्य असताना धार्मिक निधी आपल्या मर्जीने दुसऱ्या कामाकडे वळवण्याचा अधिकार मात्र नामंजूर केला, तसेच धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची तरतूदही रद्द ठरवली. देवद्रव्य देवाच्याच कामी लागावे, ही आपली भूमिका त्या निकालाने राखली. या निकालाचा अर्थ मी असा लावतो की हिशेब मागण्याचा अधिकार राज्याला आहे आणि उद्देश बदलण्याचा नाही. ज्याचा हिशेब चोख, त्याचाच उद्देश सुरक्षित राहतो.

खरे तर हिशेबाची ही शिस्त आपल्याला नवी नाही. देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, साधारण, जीवदया ही खाती वेगळी ठेवण्याचा आग्रह आपल्या आचार्य भगवंतांनी धरला, तेव्हा आयकराचा मागमूसही नव्हता. एका खात्याची रक्कम दुसऱ्यात गेली तर तो दोष, आणि बोलीची रक्कम वेळेवर भरली नाही तर तेही कर्ज, हे आपल्या आजोबांना तोंडपाठ होते. मी एम.कॉम.ला निधीनिहाय लेखापद्धती शिकलो, तेव्हा मला ती फारशी अवघड गेली नाही, कारण तिचे मूळ रूप मी उपाश्रयाच्या लाल वहीत पाहिले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर नियमावलीत १७एए हा नियम आला. रोकडवही, खतावणी, पावत्यांची स्थळप्रत, देणगीदारांची नोंद, मालमत्तेची नोंद, असे सारे ठेवावे आणि संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून दहा वर्षे जपावे, असे तो सांगतो. ही यादी वाचून घाबरलेल्या एका विश्वस्तांना मी म्हणालो, ‘भाईजी, यातले तुमच्या दुकानात काय नाही?’ ते हसले. दुकानात सगळे होते. संघाच्या कपाटातच नव्हते.

मात्र आपल्या काही जुन्या चांगल्या प्रथांशी नवा कायदा खरोखरच विसंगत आहे आणि ते मान्य केले पाहिजे. संघाची शिल्लक एखाद्या मातबर शेठजींच्या पेढीवर जमा ठेवायची आणि दर दिवाळीला त्यांनी व्याज आणून द्यायचे, ही पद्धत खानदेशात सर्रास होती. गावात बँक नव्हती तेव्हा पेढी हीच बँक आणि शेठजींचा शब्द हेच तारण. अशाच एका वयोवृद्ध काकांकडे मला जावे लागले. चाळीस वर्षे मंदिराची रक्कम त्यांच्याकडे होती आणि चाळीस वर्षांत व्याजाला एक दिवस उशीर झाला नव्हता. ती रक्कम बँकेत ठेवावी लागेल, असे मी सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे इतक्या वर्षांचा विश्वास उडाला म्हणायचे?’

या प्रश्नाला कलमांनी उत्तर देता येत नव्हते, तरी कलमे सांगणे भाग होते. विश्वस्त संस्थेची रक्कम ठरावीक ठिकाणीच, म्हणजे मुख्यतः बँकेत, टपाल खात्यात किंवा मान्य रोख्यांत गुंतवावी, असे राज्याचा कायदा आणि आयकराचा कायदा दोन्ही सांगतात. नियम मोडून गुंतवलेल्या रकमेपोटी उत्पन्नावर तीस टक्के कर बसतो. विश्वस्ताला किंवा त्याच्या पेढीला संस्थेच्या पैशाचा गैरवाजवी लाभ झाल्याचे दिसले तर संस्थेला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो आणि पुन्हा तसे घडले तर दुप्पट. हे सांगून मी म्हणालो, ‘काका, तुमच्यावरचा विश्वास तसूभरही उणा झालेला नाही. पण तुमचा शब्द ही तुमची कमाई आहे. ती वारसाहक्काने कोणाला देता येत नाही आणि मंदिर तर तुमच्या-माझ्यानंतरही राहणार आहे.’ ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुद्दल आणि त्या तारखेपर्यंतचे व्याज, असे दोन धनादेश त्यांनी पाठवले आणि सोबत निरोप, की पावती आजच पाहिजे, वहीत खाते चुकते करायचे आहे. हिशेबाच्या बाबतीत ते कायद्याच्याही दोन पावले पुढे होते.

आता गुप्तदानाकडे वळतो, कारण तेथे आपल्या भावनेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. देणाऱ्याचे नाव-पत्ता ज्या देणगीच्या नोंदीत नाही, तिला आयकर कायदा निनावी देणगी मानतो आणि तिच्यावर ठरावीक मर्यादेपलीकडे तीस टक्के कर लावतो. केवळ धार्मिक संस्था यातून वगळलेल्या आहेत. धार्मिक आणि धर्मादाय अशी दोन्ही कामे करणाऱ्या संस्थांनाही सूट होती, फक्त त्यांच्या शाळेसाठी किंवा रुग्णालयासाठी म्हणून दिलेली निनावी देणगी करपात्र होती. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी नवे आयकर विधेयक लोकसभेत मांडले गेले, तेव्हा या मिश्र संस्थांची सूट त्यातून गळाली होती. आपल्याकडे तर मंदिर, उपाश्रय, पाठशाळा आणि औषधोपचाराची मदत एकाच विश्वस्त मंडळाखाली चालते. ती सूट गेली असती तर भंडारातील प्रत्येक नोटेवर प्रश्नचिन्ह उमटले असते. सुदैवाने बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने जुलै २०२५ च्या अहवालात ही सूट परत देण्याची शिफारस केली. सुधारित विधेयकात ती आली, ऑगस्टमध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले आणि २१ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची मोहोर उमटली.

परंतु केवळ धर्मादाय स्वरूपाच्या संस्थेला, उदाहरणार्थ स्वतंत्र नोंदणी असलेल्या पांजरापोळाला, ही सूट नाही. समजा, एका पांजरापोळाला वर्षात एकूण तीस लाख रुपये देणगी मिळाली आणि त्यातील चार लाख पेटीत निनावी आले. एकूण देणगीचे पाच टक्के किंवा एक लाख, यांतील जी रक्कम जास्त, तेवढी निनावी देणगी चालते. येथे ती दीड लाख झाली. उरलेल्या अडीच लाखांवर तीस टक्के, म्हणजे पंचाहत्तर हजार रुपये कर, उपकर वेगळा. तेवढ्या रकमेत मुक्या जनावरांचा किती चारा आला असता, याचा हिशेब व्यापाऱ्याला सांगावा लागत नाही.

येथे मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. गुप्तदान गुप्त असावे ते कोणापासून? शास्त्रकारांनी दान गुप्त ठेवायला सांगितले ते मान कषाय वाढू नये म्हणून. आपले नाव संगमरवरी फलकावर कोरले जावे, सभेत पुकारले जावे, ही लालसा मनात शिरू नये म्हणून. संघाच्या मुनीमजींच्या वहीत आपले नाव आणि पॅन क्रमांक लिहिल्याने कोणाचा अहंकार पोसला जाईल असे मला वाटत नाही. कायद्याला फलक नको आहे, त्याला नोंद हवी आहे. तेव्हा ज्याला गुप्तदान करायचे आहे, त्याने फलक नाकारावा, पुकारा नाकारावा, पण पावती घ्यावी. भंडारातले भंडारात राहू द्यावे. मोठी रक्कम द्यायची असेल तर मात्र धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी. एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे संस्थेलाही वर्ज्य आहे, हे बोलीच्या वसुलीच्या वेळीही लक्षात असू द्यावे.

ज्या संस्थांना ८०जीची मान्यता आहे, त्यांना दरवर्षी ३१ मेपर्यंत सर्व देणगीदारांचे विवरण आयकर खात्याकडे भरावे लागते आणि त्यावरूनच देणगीदाराला प्रमाणपत्र मिळते. उशीर झाला तर रोज दोनशे रुपये शुल्क. दोन हजारांवरील रोख देणगीला ८०जीची वजावट नाहीच. आणि ज्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली आहे त्यांना तर ही वजावट मुळीच मिळत नाही. ‘मग द्यायचे कशाला?’ असे एका तरुणाने मला थट्टेने विचारले. मला मात्र त्यात एक समाधान दिसते. करसवलतीचे आमिष गेल्यावर जो देईल, तो केवळ देण्यासाठी देईल. आपल्या पूर्वजांनी सवलत पाहून कोठे दिले होते?

आणखी एक सावधगिरी. आपली मुले-नातवंडे परदेशात स्थिरावली आहेत आणि त्यांना गावच्या मंदिराची ओढ आहे, हा आनंदाचा विषय. परंतु ज्यांनी परदेशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी ही परकीय देणगी ठरते. ती घ्यायला परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनुसार ती रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. ज्याचे पारपत्र अजून भारतीय आहे, त्याने आपल्या बचतीतून पाठवलेल्या देणगीला हा नियम लागू नाही. रक्कम स्वीकारण्यापूर्वी एवढे एक विचारून घ्यावे. नातवाच्या भक्तीपायी संघाला नोटीस येऊ नये.

सरकारी नियमांइतकीच किंवा त्याहून मोठी गोष्ट म्हणजे समाजाची स्वतःची नजर. पुण्याच्या मॉडेल कॉलनीतील सेठ हिराचंद नेमचंद स्मारक ट्रस्टच्या जैन बोर्डिंगचे प्रकरण आपण सर्वांनी वाचले आहे. तेथील जमीन विकण्याला धर्मादाय आयुक्तांनी एप्रिल २०२५ मध्ये परवानगी दिली होती. व्यवहार ३११ कोटी रुपयांचा होता. समाज रस्त्यावर उतरला तो ऑक्टोबरमध्ये. खरेदीदाराने माघार घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस परवानगी रद्द झाली. त्या वादात कोण किती बरोबर, याचा निवाडा करणे माझे काम नाही. मला त्यातून एवढेच घ्यावेसे वाटते की, कलम ३६ प्रमाणे परवानगी मागितली जाते तेव्हाच समाजाला ते ठाऊक असले पाहिजे. विश्वस्तांचे ठराव, हिशेब आणि मालमत्तेची यादी वर्षातून एकदा तरी संघासमोर वाचली गेली असेल, तर रस्त्यावर उतरण्याची वेळ येत नाही.

आपल्या जिल्ह्यातील अडचणी त्यामानाने लहान आहेत, पण मुळाशी कारण तेच आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. जुन्या संस्थांची नोंदणी त्याआधीची, आणि कित्येकांच्या दप्तरी विश्वस्त म्हणून अजूनही ज्यांची नावे आहेत ते देवलोकी जाऊन वीस वर्षे लोटली आहेत. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो दिलाच गेलेला नाही. बँकेत असताना मी असे अनेक प्रसंग पाहिले. मुदत ठेव पिकलेली, साधर्मिकाच्या उपचारासाठी रकमेची तातडी, आणि सहीचा अधिकार असलेले दोन्ही विश्वस्त हयात नाहीत. नव्या मंडळींचा शब्द खरा असतो, पण नोंदीशिवाय बँकेला ती ठेव मोडता येत नाही. पैसा संस्थेचा असून संस्थेला परका होतो.

म्हणून माझी प्रत्येक संघाला नम्र विनंती आहे. या महिन्यात एक बैठक केवळ कागदांसाठी घ्यावी. नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, विश्वस्तांची अद्ययावत यादी, मालमत्तेचे उतारे, मागील लेखापरीक्षण अहवाल आणि नूतनीकरणाच्या अर्जाची पोच, एवढे एका फाइलमध्ये आणावे. जे सापडणार नाही, त्याची यादी करावी. आणि ही जबाबदारी एखाद्या तरुणाकडे किंवा तरुणीकडे सोपवावी. आपल्या घरांतल्या कितीतरी लेकी-सुना आज सनदी लेखापाल आहेत, वाणिज्य पदवीधर आहेत. दुसऱ्यांच्या कंपन्यांचे ताळेबंद त्या तपासतात, पण आपल्या संघाची वही त्यांच्यासमोर अजून कोणी ठेवलेली नाही. ती ठेवली जावी. जुन्या विश्वस्तांनी शेजारी बसून कोणते खाते कशाचे, कोणत्या दात्याने काय इच्छा धरून दिले, ते सांगावे. नियम त्या शिकून घेतील. दात्यांच्या इच्छा मात्र जुन्या माणसांच्याच स्मरणात आहेत आणि त्या कोणत्याही नमुन्यात लिहिलेल्या नाहीत.

जय जिनेंद्र.